महाराष्ट्रातील निरीश्वरवादी मानवतावाद

महाराष्ट्रातील निरीश्वरवादी मानवतावाद ही ईश्वराचे अस्तित्व गृहीत न धरता नीती, करुणा आणि न्याय यांचा आधार मानवी बुद्धीत व माणसामाणसांतील संबंधांत शोधणारी विचारपरंपरा होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोपाळ गणेश आगरकर यांच्या लेखनातून तिला मराठीत स्पष्ट रूप आले. विसाव्या शतकात र. धों. कर्वे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, विठ्ठल महादेव तारकुंडे, हमीद दलवाई, श्रीराम लागू आणि नरेंद्र दाभोलकर यांनी आपापल्या क्षेत्रांत तिचा विस्तार केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडलेला ईश्वरविरहित धम्म हा तिच्याशी जवळचे नाते असलेला, परंतु स्वतंत्र प्रवाह आहे.

या परंपरेपुढील मध्यवर्ती प्रश्न असा आहे की, पाहणारा देव नसेल तर माणसाने माणसावर दया का करावी आणि ज्याची मते पटत नाहीत अशा माणसाला समजून का घ्यावे? महाराष्ट्रातील मानवतावाद्यांनी या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांतून दिले, त्याचप्रमाणे न्यायालये, तुरुंग, रस्ते आणि देवळांची दारे या ठिकाणी केलेल्या कृतींतूनही दिले.

संज्ञा व अर्थ

'निरीश्वरवाद' म्हणजे ईश्वराचे अस्तित्व न मानणे, तर 'अज्ञेयवाद' म्हणजे ईश्वर आहे किंवा नाही हे जाणता येत नाही असे मानणे. मानवतावादाचा भर मुख्यतः माणूस हा मूल्यांचा निर्माता व अंतिम निकष आहे या प्रतिपादनावर असतो. त्यामुळे प्रत्येक निरीश्वरवादी मानवतावादी असतोच असे नाही. तसेच ईश्वर मानणारे साने गुरुजी किंवा गाडगे महाराज यांच्या कार्यालाही व्यापक अर्थाने मानवतावादी म्हटले जाते. भारतीय दर्शनांपैकी चार्वाक, बौद्ध व जैन दर्शने जगाचा कर्ता असा ईश्वर मानत नाहीत. अभिजात सांख्य आणि पूर्वमीमांसा या वैदिक दर्शनांनाही त्याची आवश्यकता वाटलेली नाही. म्हणून देवाशिवाय नीतीचा विचार या भूमीला परका नाही.

या विषयात मराठीतील काही शब्दांच्या अर्थच्छटा महत्त्वाच्या ठरतात. 'कीव' या शब्दात समोरच्याला कमी लेखण्याची छटा आहे. 'दया' करणारा सामान्यतः देण्याच्या स्थितीत असतो आणि घेणारा खालच्या पायरीवर असतो. 'अनुकंपा' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ दुसऱ्याबरोबर कंप पावणे असा आहे. सरकारी मराठीत तो 'अनुकंपा तत्त्वावरील नियुक्ती' या रूपात टिकून आहे. 'सहानुभूती' म्हणजे दुसऱ्याच्या अनुभवात सहभागी होणे. या सर्वांना कवेत घेणारा घरगुती शब्द 'माणुसकी' हा होय. निरीश्वरवादी मानवतावाद दयेपेक्षा माणुसकीवर, आणि माणुसकीपासून पुढे हक्कावर भर देतो.

पार्श्वभूमी : कऱ्हा–नीरेचा प्रदेश

या परंपरेतील अनेक व्यक्ती पुणे शहराशी व जिल्ह्याशी निगडित आहेत. त्यांनी ज्या श्रद्धाविश्वाला प्रश्न विचारले त्याचे स्वरूप जिल्ह्याच्या पूर्व भागात, विशेषतः बारामती व इंदापूर तालुक्यांत, स्पष्ट दिसते. अष्टविनायकांपैकी मोरगावचे मयूरेश्वर मंदिर बारामती तालुक्यात कऱ्हा नदीच्या काठी आहे. इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नीरा व भीमा यांच्या संगमावर, नीरा नरसिंहपूरचे देवस्थान आहे. संत तुकारामांची पालखी देहूहून पंढरपूरला जाताना दरवर्षी बारामती, सणसर, निमगाव केतकी व इंदापूर या मार्गाने जाते. इंदापूर तालुक्यातील बेलवाडीचे गोल रिंगण प्रसिद्ध आहे. वाटेवरील गावे वारकऱ्यांच्या जेवणाची व मुक्कामाची व्यवस्था करतात.

पंडित कवी मोरोपंत (१७२९–१७९४) यांचे दीर्घकाळ वास्तव्य बारामतीत होते. बाबूजी नाईक यांचा आश्रय त्यांना लाभला होता. त्यांचे 'केकावली' हे पृथ्वी वृत्तातील काव्य म्हणजे ईश्वराच्या करुणेसाठी केलेली आळवणी आहे. मोराची हाक म्हणजे केका. ज्याप्रमाणे मोर मेघाला हाक घालतो त्याप्रमाणे भक्त देवाला हाक घालतो. करुणेचा उगम वर असून माणसाने ती मागावयाची असते, ही जुन्या मराठी भक्तिकाव्यातील भूमिका या रचनेत परिणत स्वरूपात आढळते. पुढे याच कऱ्हेच्या काठी, वरच्या अंगाला असलेल्या सासवड येथे जन्मलेल्या तारकुंडे यांनी करुणेचा उगम माणसातच असल्याचे प्रतिपादन केले.

हा भाग पर्जन्यछायेचा आहे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात व १९७२च्या दुष्काळात येथे पाझर तलावांची कामे झाली. बारामती परिसरात त्यांच्या आरंभाला ख्रिस्ती मिशनमार्फत आलेल्या धान्याच्या मदतीचा हातभार लागला. धान्य फुकट न वाटता कामाचा मोबदला म्हणून दिले गेले. त्याच काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून राज्यात रोजगार हमी योजना आकाराला आली. तिच्या कायद्याची अंमलबजावणी १९७९ साली सुरू झाली. या घडामोडी निरीश्वरवाद्यांच्या पुढाकाराने झाल्या नाहीत. तथापि दुष्काळग्रस्ताला भिक्षेऐवजी काम आणि पुढे कामाचा कायदेशीर हक्क मिळणे, हे मानवतावाद्यांना अभिप्रेत असलेल्या स्थित्यंतराचे ठळक उदाहरण आहे.

इतिहास

जोतीराव फुले

महात्मा जोतीराव फुले (१८२७–१८९०) निरीश्वरवादी नव्हते. त्यांनी जगाच्या कर्त्याला 'निर्मिक' म्हटले. मात्र निर्मिक व माणूस यांच्यामध्ये पुरोहित, ग्रंथ किंवा अवतार यांना त्यांनी स्थान दिले नाही आणि धर्माचा अर्थ माणसाचे माणसाशी वर्तन असा लावला. १८६३ साली त्यांनी व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या विधवांना तेथे गुप्तपणे बाळंत होता येत असे. तेथे जन्मलेल्या एका मुलाला, यशवंतला, त्यांनी दत्तक घेतले. मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक' या ग्रंथात, एकाच कुटुंबातील माणसांनी आपापल्या विचाराने वेगवेगळे धर्म स्वीकारूनही एकमेकांचा द्वेष न करता प्रेमाने राहावे, अशी कल्पना त्यांनी मांडली आहे. परमताचा समजूतदारपणे स्वीकार करण्याचा आधुनिक मराठीतील हा एक महत्त्वाचा आदर्श मानला जातो.

गोपाळ गणेश आगरकर

आगरकर (१८५६–१८९५) यांच्यावर मिल व स्पेन्सर यांच्या विचारांचा प्रभाव होता. 'केसरी'च्या संपादकपदावरून दूर झाल्यावर १८८८ साली त्यांनी 'सुधारक' सुरू केला. देवतांच्या कल्पना भय, अज्ञान व कल्पनाशक्ती यांतून कशा उत्पन्न झाल्या असाव्यात याची मीमांसा त्यांनी 'देवतोत्पत्ति' या लेखनात केली. ईश्वराविषयी त्यांची भूमिका अज्ञेयवादी होती. केशवपन, बालविवाह व सोवळेओवळे यांवर त्यांनी केलेल्या टीकेचा आधार शास्त्रवचन नसून प्रत्यक्ष भोगावे लागणारे दुःख हा होता. एखादी रूढी शास्त्रात आहे की नाही यापेक्षा तिच्यामुळे कोणाला यातना होतात हा प्रश्न त्यांनी अग्रस्थानी आणला. त्यांच्या विरोधकांनी पुण्यात त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली होती. फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य असतानाच वयाच्या अवघ्या ३८व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

र. धों. कर्वे

रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून मृत्यूपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. ते उघड निरीश्वरवादी व बुद्धिवादी होते. वारंवारच्या बाळंतपणांनी खंगणाऱ्या स्त्रीला नशिबाचा उपदेश करण्याऐवजी शास्त्रीय माहिती देणे हीच खरी माणुसकी, अशी त्यांच्या कार्यामागील दृष्टी होती. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले. त्यांपैकी १९३४ सालच्या खटल्यात डॉ. आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते.

डॉ. आंबेडकर आणि ईश्वरविरहित धम्म

डॉ. आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. १९५७ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या मूळ इंग्रजी ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले की, इतर धर्मांत ईश्वराला जे स्थान आहे ते धम्मात नीतीला आहे. प्रज्ञेला करुणेची जोड त्यांनी अनिवार्य मानली. निरीश्वर विचार सुशिक्षितांच्या लहान वर्तुळाबाहेर, गावोगावच्या सामान्य कुटुंबांच्या जन्म, विवाह व मृत्यूच्या विधींपर्यंत सर्वाधिक प्रमाणात याच मार्गाने पोहोचला. मात्र आंबेडकरांनी धर्माची गरज नाकारली नाही, ही बाब त्यांना बुद्धिवाद्यांपासून वेगळे करते.

नवमानवतावाद

मानवेंद्रनाथ रॉय यांनी १९४६ साली २२ सूत्रांच्या रूपाने नवमानवतावादाची मांडणी केली. साम्यवादाचा त्याग केल्यानंतरची ही भूमिका होती. व्यक्तीचे स्वातंत्र्य, विवेक व नीती ही तिची तीन अंगे होत. १९४८ साली रॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपला रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष विसर्जित केला. सत्तेसाठी चालणारे पक्षीय राजकारण माणसाला साधन बनवते असा त्यांचा निष्कर्ष होता. रॉय यांच्या महाराष्ट्रातील सहकाऱ्यांत लक्ष्मणशास्त्री जोशी, तारकुंडे व गोवर्धन पारीख हे प्रमुख होते.

लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१–१९९४) हे वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडलेले पंडित होते. १९३०च्या दशकात महात्मा गांधींच्या अस्पृश्यतानिवारणाच्या कार्याला त्यांनी धर्मशास्त्राच्या आधारे पाठिंबा दिला आणि मंदिरप्रवेशाचे समर्थन केले. पुढे 'हिंदुधर्माची समीक्षा' व 'जडवाद' या ग्रंथांतून त्यांनी ऐहिक दृष्टिकोनाची मांडणी केली. 'वैदिक संस्कृतीचा विकास' या ग्रंथासाठी त्यांना १९५५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्या परंपरेची श्रद्धा सुटली तिचेही सखोल अध्ययन करावे, तिची चेष्टा करू नये, हा धडा त्यांच्या 'धर्मकोश' व 'मराठी विश्वकोश' या कार्यांतून मिळतो.

वि. म. तारकुंडे

विठ्ठल महादेव तारकुंडे (१९०९–२००४) यांचा जन्म सासवड येथे झाला. त्यांचे वडील तेथील वकील व समाजसुधारक होते. इंग्लंडमध्ये कायद्याचे शिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी पुण्यात वकिली केली आणि परिसरातील खेड्यांत राजकीय व सामाजिक काम केले. १९४२ साली वकिली सोडून ते रॉय यांच्या चळवळीचे पूर्णवेळ कार्यकर्ते झाले. १९४८ नंतर ते मुंबईत पुन्हा वकिलीकडे वळले. १९५७ ते १९६९ या काळात ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते.

नीतीच्या उगमाविषयी तारकुंडे यांची भूमिका उत्क्रांतीवर आधारलेली होती. माणूस हा समूहात राहून टिकलेला प्राणी आहे. सहकार्य व सहानुभूती या प्रवृत्ती त्याला जैविक वारशाने मिळालेल्या आहेत. मात्र ही उपजत सहानुभूती आपले कुटुंब, आपली जात, आपले गाव एवढ्यापुरती मर्यादित राहण्याचा धोका असतो. ती अनोळखी व विरोधी माणसापर्यंत नेण्याचे काम विवेक करतो. म्हणून त्यांच्या मते बुद्धी व करुणा परस्परविरोधी नसून एकमेकींना पूरक आहेत.

या विचाराची कसोटी त्यांच्या सार्वजनिक कार्यात लागली. जयप्रकाश नारायण यांच्याबरोबर त्यांनी १९७४ साली 'सिटिझन्स फॉर डेमोक्रसी' आणि आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज' या संघटनांच्या स्थापनेत भाग घेतला. आणीबाणीनंतर, १९७७ साली, आंध्र प्रदेशात नक्षलवादी तरुण पोलिसांच्या कथित चकमकींत मारले गेल्याच्या तक्रारींची चौकशी त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. १९८०च्या दशकात पंजाबातील दडपशाहीविषयी त्यांच्या संघटनेने अहवाल प्रसिद्ध केला. नक्षलवाद्यांची हिंसा किंवा फुटीरतावाद्यांचे राजकारण त्यांना मान्य नव्हते. परंतु ज्याचे म्हणणे पूर्णपणे अमान्य आहे त्यालाही जगण्याचा व न्याय्य चौकशीचा हक्क आहे, आणि हा हक्क कोणाच्या दयेवर अवलंबून नाही, ही त्यांची भूमिका होती. १९७८ साली त्यांना आंतरराष्ट्रीय मानवतावादी पुरस्कार आणि १९९८ साली पद्मभूषण मिळाले.

दलवाई, लागू व दाभोलकर

हमीद दलवाई (१९३२–१९७७) यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढून तोंडी तलाक व बहुपत्नीत्व यांविरुद्ध आवाज उठवला. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. आपल्या मृत्यूनंतर कोणतेही धार्मिक विधी करू नयेत अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली होती, आणि त्याप्रमाणे विधींविना त्यांचे दहन करण्यात आले.

अभिनेते डॉ. श्रीराम लागू (१९२७–२०१९) यांनी देवाला निवृत्त करण्याची जाहीर मागणी करून मोठा वाद ओढवून घेतला. त्यांचे पुत्र तन्वीर यांचा धावत्या रेल्वेगाडीवर बाहेरून फेकलेला दगड लागून मृत्यू झाला. या आघातानंतरही लागू यांनी आपली भूमिका बदलली नाही. मुलाच्या स्मरणार्थ रंगकर्मींसाठी 'तन्वीर सन्मान' सुरू करण्यात आला.

डॉ. नरेंद्र दाभोलकर (१९४५–२०१३) यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली. व्यक्तिशः ते ईश्वर मानत नव्हते. समितीची अधिकृत भूमिका मात्र देव व धर्म यांविषयी तटस्थ होती. विरोध शोषणाला होता. आपल्या मुलाचे नाव त्यांनी दलवाई यांच्यावरून हमीद असे ठेवले. २००० साली शनिशिंगणापूर येथील चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश मिळावा यासाठी समितीने आंदोलन केले. त्यात लागू सहभागी होते. ज्या देवावर आपला विश्वास नाही त्याच्या दर्शनाचा हक्क विश्वास असणाऱ्या स्त्रियांना मिळावा, म्हणून निरीश्वरवाद्यांनी केलेला हा सत्याग्रह होता. २०१६ साली तेथे स्त्रियांना प्रवेश खुला झाला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना दाभोलकर यांची गोळ्या झाडून हत्या झाली. त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. मे २०२४ मध्ये पुण्यातील विशेष न्यायालयाने दोन आरोपींना जन्मठेपेची शिक्षा सुनावली व तिघांची निर्दोष मुक्तता केली.

प्रमुख मुद्दे

दयेपासून हक्काकडे : दया ही देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते, हक्क तसा नसतो. म्हणून या परंपरेने दयेला कायदा, संस्था व शिक्षण यांचे स्थिर रूप देण्याचा प्रयत्न केला. तथापि हक्काने सर्व गरजा भागत नाहीत. आजाऱ्याजवळ बसणे, चुकलेल्याला पुन्हा संधी देणे यांसाठी कायदा पुरत नाही. तेथे करुणेचे स्थान कायम राहते.

समजून घेणे व मान्य करणे : एखाद्या व्यक्तीच्या श्रद्धेमागील भय, आशा किंवा दुःख समजून घेणे म्हणजे ती श्रद्धा मान्य करणे नव्हे. 'ज्याचे जळते त्याला कळते' ही म्हण दुसऱ्याच्या दुःखाच्या आकलनाची मर्यादा सांगते. मानवतावादी ती मर्यादा मान्य करून ऐकून घेण्याला महत्त्व देतात. अंगात येणाऱ्या स्त्रीला ढोंगी ठरवण्याऐवजी तिच्या मनावरील ताणाचा विचार करावा, ही अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यातील दृष्टी याच तत्त्वावर आधारलेली आहे.

क्षमा : ईश्वर नसेल तर पापक्षालनाची सोय उरत नाही. अपराधाची क्षमा ज्याचा अपराध झाला तोच करू शकतो आणि भरपाई याच जन्मात करावी लागते. त्यामुळे निरीश्वर दृष्टीत नैतिक जबाबदारी कमी न होता वाढते, असे तिचे समर्थक मानतात.

मृत्यू : पुनर्जन्म किंवा परलोक न मानल्याने हे एकच आयुष्य मोलाचे ठरते. विधींऐवजी देहदान, नेत्रदान किंवा स्मृतिप्रीत्यर्थ सामाजिक कार्य करण्याची पद्धत महाराष्ट्रातील विवेकवादी कुटुंबांत आढळते.

टीका व प्रतिवाद

या विचारावर मुख्यतः चार आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, नवमानवतावाद शहरी व सुशिक्षित वर्गापुरता राहिला आणि जातीच्या प्रश्नाला त्याने पुरेसे महत्त्व दिले नाही. दुसरा आक्षेप वारकरी परंपरेच्या अभ्यासकांकडून येतो. पंढरीच्या वाटेवर अनोळखी माणसाला जेवू घालणारे गाव करुणा तत्त्वज्ञानातून शिकलेले नसते. भक्तीनेच तिला समूहाचे रूप दिले आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. तिसरा आक्षेप असा की, शोकाच्या प्रसंगी श्रद्धा जो दिलासा व सोबत देते तिला पर्याय उभा करण्यात बुद्धिवादी कमी पडले. चौथा आक्षेप विसाव्या शतकातील निरीश्वरवादी राजवटींच्या क्रौर्याकडे बोट दाखवतो.

चौथ्या आक्षेपाला उत्तर म्हणून रॉय यांनी साम्यवादाशी घेतलेल्या फारकतीचा दाखला दिला जातो. व्यक्तीपेक्षा समूहाला मोठे मानणारा कोणताही विचार, मग तो धार्मिक असो वा निधर्मी, निर्दय होऊ शकतो असे त्यांचे प्रतिपादन होते. वारकरी परंपरेविषयी बहुतेक मराठी मानवतावाद्यांची भूमिका आदराची राहिली असून संतांच्या समतेच्या शिकवणुकीला ते आपला वारसा मानतात. दिलाशाविषयीचा आक्षेप मात्र अंशतः मान्य केला जातो. सुखदुःखाच्या प्रसंगी एकत्र येण्याच्या धर्मनिरपेक्ष रीती रुजवणे हे अपुरे राहिलेले काम आहे, असे या चळवळीतील अनेकांचे मत आहे.

हे सुद्धा पाहा

सत्यशोधक समाज
गोपाळ गणेश आगरकर
समाजस्वास्थ्य (मासिक)
मानवेंद्रनाथ रॉय
मुस्लिम सत्यशोधक मंडळ
महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती
मोरोपंत